चिंचेखालचा गूळ

फार पूर्वीची, रस्ते मातीचे होते तेव्हाची ही गोष्ट. एका गावाबाहेर सरळसोट धावपट्टी होती. तिच्या एका टोकाला गाव, दुसऱ्या टोकाला वैद्याची झोपडी आणि बरोबर मधोमध एक जुनी चिंच. दर चैत्रात जत्रेला तिथे बैलगाड्यांची शर्यत लागायची. जिंकेल त्या जोडीच्या पाठीवर मानाची लाल झूल पडायची.

पण झूल जायची दरवर्षी पाटलाच्याच गोठ्यात. त्याचे बैल तगडे, खाऊनपिऊन सुखी. बाकीच्यांनी नुसतं मागून यायचं. शेवटी म्हाताऱ्या पंचाने एक नेम घातला. सकाळी प्रत्येक जोडीने एकेकटं पळायचं आणि हलगीवाल्याने ठोके मोजायचे. पाटलाच्या जोडीपेक्षा जिला जितके ठोके जास्त लागतील, तितकी पावलं तिला संध्याकाळच्या शर्यतीत पुढून सुटायला मिळतील.

पाटलाने विचारलं, "आणि सकाळी कोणी मुद्दाम हळू पळालं तर?"

पंच म्हणाला, "हलगी ठोके मोजते, बाबा. मनातलं मोजायला माझ्याकडे वाद्य नाही."

नेम चांगला होता. पहिल्याच वर्षी कुंभाराची म्हातारी जोडी पाटलाच्या मागे अवघ्या हातभर अंतराने आली. कुंभाराने आनंदाने दोन्ही बैलांच्या गळ्यात हात टाकले.

त्याच गावात एक गाडीवान होता. मण्या आणि चांद्या हे त्याचे बैल, त्याच्या लेकीने, ठकूने, वासरं असल्यापासून वाढवलेले. जोडी चपळ होती, पाटलाच्या जोडीपेक्षा जराशीच कमी. म्हणून गाडीवानाला सूट मिळाली फक्त दोन पावलांची आणि तो हरला. पाटलाला हरवायला बैल थोडे कमी पडतात आणि सूट मिळायला थोडे जास्त होतात, हे त्याच्या मनाला फार लागलं.

कासरा ओढून बैल थोपवावेत, तर सगळं गाव बघणार. मग त्याने एक शक्कल लढवली. जत्रेआधी महिनाभर रोज तो बैलांना चिंचेखाली थांबवून गूळ चारू लागला. जत्रेच्या सकाळी बैल चिंचेजवळ आपसूक मंदावले आणि माना वळवून त्याच्याकडे बघू लागले. गाडीवानाने कपाळ बडवलं. "अरे, पळा की रे! गावात अब्रू घालवता का?" सोंग इतकं बेमालूम की हलगीवाल्यालाही त्याची कीव आली. वीस पावलांची सूट मिळाली.

संध्याकाळी चिंच आली तेव्हा त्याने दोन्ही बैलांना पराणीची टोकदार आर टोचली. बैल कळवळून सुटले. झूल त्याची झाली.

पुढची दोन वर्षंही तसंच झालं. तिन्ही वर्षं त्याच्यामागून दुसरी जोडी आली ती कुंभाराची.

"बाबा, शर्यतीनंतर मण्याच्या पाठीवर रक्त का असतं?" ठकूने एकदा विचारलं.

"शर्यत म्हटली की लागायचंच, पोरी," असं म्हणून त्याने झूल नीट घडी करून ठेवली.

चौथ्या वर्षी जत्रा आठ दिवसांवर आली होती. भरदुपारी बांधावर गवत कापताना ठकूच्या पायाला घोणस चावली. गाडीवानाने लेकीला गाडीत निजवलं आणि वैद्याच्या वाटेला बैल हाकले. "मण्या, चांद्या, पळा रे, आपल्या ठकूसाठी पळा!"

बैल जीव खाऊन पळाले. पण फक्त चिंचेपर्यंत. तिथे ते मंदावले, थांबले आणि माना वळवून त्याच्याकडे बघू लागले.

"अरे, आज नाही रे! आज नाही!" तो ओरडला. त्याने पराणी उचलली, टोचली. पण आज शेजारी धावणारी गाडी नव्हती, आणि रोज गूळ मिळतो तिथेच का टोचतात, हे त्या मुक्या जनावरांना काही उमगेना. ती थरथरत जागीच उभी राहिली. गाडीवानाने हात जोडले, शिव्या दिल्या, शेवटी ठकूला खांद्यावर घेऊन धावत सुटला आणि थोड्याच अंतरावर धापा टाकत खाली बसला.

तेवढ्यात मागून कुंभाराची गाडी आली.  त्याने मडकी रस्त्यावर लोटून दिली, पोरीला आणि गाडीवानाला आत घेतलं आणि बैल हाकले. ती म्हातारी जोडी काही वाऱ्यासारखी पळाली नाही, पण होती नव्हती ती सगळी ताकद तिने लावली.

वैद्याने ठकूला वाचवलं. हात पुसत तो गाडीवानाला म्हणाला, "जरा आधी आणली असतीस, तर पायही धड राहिला असता."

कुंभाराचा थोरला बैल त्या धावेनंतर बसला तो उठलाच नाही. गाडीवानाने तिन्ही झुली पंचापुढे ठेवल्या आणि सगळं सांगून टाकलं.  पंचाने एक झूल उचलून कुंभाराच्या हाती दिली. कुंभाराने ती आपल्या बैलावर पांघरली आणि त्याला माती दिली.

पुढच्या चैत्रात त्या पट्टीवर मुलींनी त्याच नेमाने आपली शर्यत लावली. हलगीवालाही हौसेने बसला. ठकूची पाळी आली तेव्हा मैत्रीण तिच्या कानाशी लागली, "अगं, आत्ता हळूच पळ. मग जास्त पावलं मिळतील."

ठकू म्हणाली, "नको गं. आहे तेवढी हळू पुरे आहे मी."

तिला तीस पावलांची सूट मिळाली. लंगडत, ओठ चावत ती पूर्ण जोराने पळाली आणि तरीही सगळ्यांच्या मागून आली. चिंचेखाली उभ्या असलेल्या गाडीवानाने तिला समोरून जाताना पाहिलं. त्याला मान वर करवेना.

तात्पर्य: दुबळ्यासाठी ठेवलेली सूट जो सोंग करून लाटतो, तो खऱ्या दुबळ्याच्या तोंडचा घास काढतो, आणि ज्या दिवशी खरोखर धावायची वेळ येते, त्या दिवशी तेच सोंग त्याची वाट अडवून उभं राहतं.