केरबातात्यांची मानाची टोपी

घाटाखालच्या एका गावात केरबातात्या नावाचे गृहस्थ राहत आणि त्यांच्या घरात त्यांच्याहून जास्त मान असलेला एक संगणक राहत असे. तो चालू होईपर्यंत एक म्हैस पिळून व्हायची, असं लोक म्हणत. मी म्हणतो, दोन. तरी लग्नाचे फोटो बघायचे असोत की गाणी भरून घ्यायची असोत, सगळे पेनड्राइव्ह घेऊन तात्यांकडेच येत. "माझ्या मशीनला अजून साधी शिंक आलेली नाही," तात्या प्रत्येकाला ऐकवत.

या संगणकात अँटिव्हायरस नावाचा एक राखणदार होता. स्वभावाने जरा बोलका. तात्या पत्त्यांचा डाव मांडून बसले की हा पडद्यावर उगवून सावध करायचा. ऐन रंगात आलेल्या डावात त्याने एकदा तोंड घातलं आणि तात्यांनी त्याला कायमचा बंद करून टाकला.

पुढे एक मेल आली. तुम्हाला बक्षिसात मोटार लागली आहे, इथे दाबा. तात्यांनी दाबलं. मोटार काही आली नाही, व्हायरस मात्र सहकुटुंब राहायला आला. तात्यांनी स्वतःचा पेनड्राइव्ह लावला, तर त्यातली सगळी फोल्डरं गायब. मशीन बिघडलंय हे तात्यांना कळलं. पण गावात सांगायचं कुठल्या तोंडाने?

अशात हौसावहिनी आल्या. तात्यांचा दोस्त यशवंता सनईवाला, त्याची ही बायको. यशवंता वारला होता. त्याने वाजवलेली सनई तेवढी एका पेनड्राइव्हमध्ये उरली होती.

"तात्या, स्वप्नालीच्या लग्नात तिच्या बापाचीच सनई लावायची हाय. मंडपवाला सीडी मागतोय. तेवढी उतरवून द्या."

'वहिनी, माझं मशीन बिघडलंय, दुसरीकडे जा.' एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही. पण सोप्यात चार माणसं चहा पीत बसली होती. तात्यांनी पेनड्राइव्ह लावला. सनईचं फोल्डर डोळ्यांदेखत नाहीसं झालं.

"तुमच्याच पेनड्राइव्हमध्ये व्हायरस होता, वहिनी," तात्या म्हणाले. "आता माझं मशीनही गेलं."

हौसावहिनी रडू लागल्या. रडता रडताच म्हणाल्या, "माफ करा, तात्या. मला ह्यातलं कळत न्हाई. माझ्यामुळं तुम्हाला ताप."

दुसऱ्याच दिवशी तात्या वहिनींच्या घरी गेले. पेनड्राइव्ह मागून घेऊन, संगणक पोत्यात गुंडाळून ते तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले.

"फायली गेल्या नाहीत, व्हायरसनं लपवल्यात," तो म्हणाला. त्याने दोन्हींची सफाई केली, राखणदार पुन्हा चालू केला आणि बजावलं, "ह्याला बंद करायचं नाही. कुणाचाही पेनड्राइव्ह आधी तपासायचा, मग उघडायचा. अनोळखी मेलमध्ये बोट घालायचं नाही." तात्यांनी शाळकरी पोरासारखी मान हलवली. सनईची सीडी उतरवून वहिनींना नेऊन दिली. व्हायरस कुणाचा, ते मात्र बोलले नाहीत.

लग्नात सनई लागली. काय सांगावं, पंगतीच्या आशेने आलेली कुत्रीसुद्धा मान खाली घालून ऐकत होती. मग वहिनींनी माइक घेतला. "टोपी-टॉवेलाचा पहिला मान केरबातात्यांना. माझ्या चुकीनं गेलेली सनई त्यांनी परत आणली."

तात्या उठून पुढे गेले. वहिनी टोपी घालायला सरसावल्या, तसा तात्यांनी हात आडवा केला.

"व्हायरस तुमच्याकडचा नव्हता, वहिनी. माझ्या मशीनमधला. मला ठाऊक होतं."

माइक चालूच होता. अख्ख्या मंडपाने ऐकलं.

"मग मी रडत हुते, तवा का न्हाई बोललात?"

तात्यांची मान खाली गेली. वहिनींनी हातातल्या टोपीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मंडपात पुकारलेला मान माघारी घेत न्हाईत." आणि त्यांनी टोपी तात्यांच्या डोक्यावर ठेवली.

टोपी ती, वजनाला कितीशी असणार? पण अक्षता पडून शेवटची पंगत उठली, तरी तात्यांना मान वर करता आली नाही.

तात्पर्य: सावध करणाऱ्याचं तोंड बंद करू नये, आणि आपल्या घरातला बिघाड लाजेपोटी लपवून दुसऱ्याच्या माथी मारू नये. व्हायरस काढता येतो. दुसऱ्याला उगाच मागायला लावलेली माफी परत करता येत नाही.