आठ लाखांचा वेग

मंडळी, सांगा बरं, विश्वास कुणावर ठेवाल? लगेच "झालं" म्हणणाऱ्यावर, की "बघून सांगतो" म्हणणाऱ्यावर?

एका कारखान्यात लिफ्ट चालवणारे कंट्रोलर बनत. त्यातल्या चिपचा वेग कमी-जास्त करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, तिथल्या रणदिवेसाहेबांनी स्वतः बदल केला. तो तपासून मंजूर करायचं काम मृदुला घैसासकडे. खाली टेम्पो खोळंबलेला आणि साहेब तिच्या खुर्चीमागे येरझारा घालतायत.

"अहो मॅडम, करा मंजूर! आठशे मेगाहर्ट्झ मागितले, पडद्यावर आठशे दिसतायत. आता काय नारळ फोडायचा?"

मृदुलानं मनात हिशेब केला. मंजूर केलं आणि चिपनं तेवढा वेग दिलाच नाही, तर लिफ्ट माणसांसकट मध्येच लटकणार. नाही केलं, तर तिची नोकरी लटकणार. चिपला खरा वेग विचारणारी ड्रायव्हरमधली ओळच साहेबांनी "उगाच वेळ खाते" म्हणून उडवली होती.

"साहेब, तुमच्याच हातानं आठ लाख मेगाहर्ट्झ मागा ना."

"वेड लागलंय का? एवढा वेग जगातल्या कुठल्याच चिपला नाही!"

"मागून तर बघा."

साहेबांनी आकडा टाकला. पडद्यावर लगेच उमटलं, वेग आठ लाख.

"हा ड्रायव्हर चिपला विचारतच नाही, साहेब. तुम्ही म्हणाल त्याला 'हो साहेब' म्हणतो. असली माणसं ऑफिसात पुष्कळ आहेत, लिफ्टमध्ये आणखी कशाला?"

साहेबांनी टेम्पोवाल्याला चहा पाठवला आणि उडवलेली ओळ परत घातली.

तेव्हा बाबांनो, तुम्हीही हिशेब प्रामाणिक ठेवा. मागितलं तेवढं मांडू नका, हाती आलं तेवढंच मांडा.