तेल लावलेला खांब

विषय : झुपकी खारीच्या मल्लखांबाला विमानात जागा मिळण्याबाबत.

झुपकी एवढीशी. तिचा मल्लखांब एवढा मोठा.

डोंगरापलीकडे मल्लखांबाची स्पर्धा होती. झुपकीला विमानाने जायचं होतं. निघताना तिने खांबाला एरंडेल तेल चोळलं. मल्लखांबाला तेल चोळतातच. पण पोचल्यावर चोळतात.

गडगड, गडगड. खांब पुढे. तुरुतुरु, तुरुतुरु. झुपकी मागे.

विमानतळाच्या खिडकीत करकोचा बसला होता. चष्मा चोचीच्या टोकावर. म्हणजे बराच लांब.

"खांब मोठा आहे," करकोचा म्हणाला. "जादा सामान. भाडं दहा शेंगा."

झुपकीने दहा शेंगा दिल्या. करकोच्याने खांबावर चिठ्ठी चिकटवली.

सुळ्ळ. चिठ्ठी खाली.

पुन्हा चिकटवली. सुळ्ळ. पुन्हा खाली.

"चिठ्ठी नाही, तर खांब नाही," करकोचा म्हणाला. "जा, तेल पुसून ये."

झुपकीचं तोंड एवढंसं झालं. खांब नाही, तर चढायचं कशावर?

तुरुतुरु, तुरुतुरु. रांगेत मेंढी उभी होती.

"मेंढीकाकू, मेंढीकाकू, लोकर द्या.
लोकरीने तेल पुसेन.
तेल पुसलं की चिठ्ठी चिकटेल.
चिठ्ठी चिकटली की खांब उडेल."

मेंढी म्हणाली, "देईन की. पण सकाळपासून उपाशी आहे. आधी पाला आण."

तुरुतुरु, तुरुतुरु. कुंपणाशी उंबर उभा होता.

"उंबरदादा, उंबरदादा, पाला दे.
पाला मेंढीकाकूंना देईन.
मेंढीकाकू लोकर देतील.
लोकरीने तेल पुसेन.
तेल पुसलं की चिठ्ठी चिकटेल.
चिठ्ठी चिकटली की खांब उडेल."

उंबर म्हणाला, "देईन की. पण मुळं सुकली बघ. आधी पाणी आण."

तुरुतुरु, तुरुतुरु. नळाशी हत्ती उभा होता.

"हत्तीमामा, हत्तीमामा, पाणी दे.
पाणी उंबरदादाला देईन.
उंबरदादा पाला देईल.
पाला मेंढीकाकूंना देईन.
मेंढीकाकू लोकर देतील.
लोकरीने तेल पुसेन.
तेल पुसलं की चिठ्ठी चिकटेल.
चिठ्ठी चिकटली की खांब उडेल."

हत्ती म्हणाला, "देईन गं. पण ही बॅग मिटेना. मी वर बसलो तर तिची पोळी होते. मागची बॅग तशीच गेली. आधी कुणीतरी बेताचं बसायला आण."

झुपकीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं.

"मामा, मी आहे की बेताची."

टुणुक. झुपकी बॅगेवर. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.

खट. बॅग मिटली.

मग काय?

हत्तीने पाणी ओतलं. फुस्स.
उंबराने पाला टाकला. टपटप.
मेंढीने पाला खाल्ला. कुरुमकुरुम. आणि लोकर दिली.
झुपकीने तेल पुसलं. घसघस, घसघस.
करकोच्याने चिठ्ठी चिकटवली. चप्प.

करकोच्याने चिठ्ठी ओढून पाहिली. हलली नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पुढचा कोण?"

घूंऽऽऽ. विमान उडालं. खांब विमानाच्या पोटात. झुपकी खिडकीशी.

डोंगरापलीकडे झुपकीने खांबाला पुन्हा तेल चोळलं. तुरुतुरु वर गेली. शेंड्यावर उलटी उभी राहिली. पाय वर, शेपटी वर.

प्रेक्षकांत बसलेला हत्ती शेजाऱ्याला म्हणाला, "माझी बॅग हिनेच मिटवली बरं का."

झुपकीने आता करकोच्याला टपालाने एक अर्ज धाडला आहे. परत येताना खांबाला भाडं पडू नये. हत्तीमामाला जादा भाडं नाही, मग खांबाला का, असं तिने विचारलं आहे.

करकोच्याने अर्ज घेतला आहे. अर्ज विचाराधीन आहे.