तेवीसउंबऱ्यात उंबरा का नाही

तेवीसउंबरे गावात आज चारशे बारा घरे आहेत, आणि माळाच्या अंगाला दरवर्षी पाच-सहा नवी उठतात. मागच्या खानेसुमारीला आलेल्या दोन शिक्षकांनी भिंती, छपरे, खोल्या, माणसे असे सगळे लिहून घेतले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की एकाही दाराला उंबरा नाही. त्यांना ही हकिकत धोंडूअण्णा खैरमोड्यांनी सांगितली. चहा पाजल्याशिवाय अण्णा सुरू होत नाहीत आणि पाजल्यावर थांबत नाहीत.

फार मागे, दुष्काळात, तेवीस कुटुंबे इथल्या झऱ्यापाशी येऊन टेकली, असे सांगतात. झरा बोटभर धारेचा. तो आटू नये म्हणून जाणत्यांनी झऱ्यावरच्या देवीपुढे शपथ घेतली, की या शिवारात तेविसाच्या वर उंबरा घालणार नाही. मोठी शहाणी माणसे! उंबरे मोजले, माणसे मोजायचे कुणाच्या डोक्यात आले नाही. सुना आल्या, नातवंडे झाली, पाणी पिणारी तोंडे पाचपट झाली, आणि घरे आपली तेवीसच.

त्यातल्याच एका घरात साळू सून म्हणून आली. तीन खोल्या, अडतीस माणसे, एक चूल. धुराला बाहेर जायला वाट नव्हती आणि माणसाला पाय पसरायला जागा नव्हती. साळूची दोन लेकरे त्या धुरात खोकून खोकून गेली. तिसरी झेलू, वर्षाची. तीही तशीच खोकू लागली तेव्हा साळूचा धीर सुटला. दारातून समोर मोकळा माळ दिसे आणि तिचा जीव घुसमटे. पण शपथ मोडून झरा आटला तर सारा गाव मरेल, हे तिलाही कळत होते.

शेवटी एका सकाळी लेकीला पाठीशी बांधून ती माळावर गेली. दगड रचले, वर गवताने शाकारले आणि दारात उंबरा घातलाच नाही. पंच जमले. शपथ मोडली म्हणावे तर उंबरा कुठे होता? पण पंचांनाही आपला ताठा होता. त्यांनी ठरवले, की बिनउंबऱ्याचे ते घर नव्हे, आणि तिथे राहणारीने गावातला एकही उंबरा पुन्हा ओलांडायचा नाही. लेकीसाठी साळूने तेही कबूल केले. नवरा थोरल्या घरीच राहिला.

झेलूचा खोकला गेला. साळू मात्र आधी आत कोंडलेली होती, ती आता बाहेर कोंडली गेली. बारसे असो, लग्न असो, ती अंगणातच उभी राहायची. तिच्याशी रोज बोलायला यायची ती एकटी सासू, गोदाआत्या. तोंडाची फटकळ, पण नातीवर जीव.

बारा वर्षांनी गोदाआत्या अंथरुणाला खिळल्या. कुणाच्या हातचे पाणी घेईनात. साळूच बोलवा म्हणाल्या. साळू तांब्या घेऊन आली आणि दाराशी थबकली. पंच ओट्यावर बसलेले. म्हातारीला उचलून बाहेर आणा, असे कुणीतरी सुचवले.

"मी न्हाई हलायची," आतून गोदाआत्या म्हणाल्या. "उंबरा काढा."

शपथ मोडेल, असे पंच म्हणाले.

"तेविसाच्या वर नगं, असं देवीला बोललो हुतो. कमी चालत न्हाई, असं कुनी सांगितलं?"

म्हातारीच्या थोरल्या लेकाने पहार आणली. उंबरा निघेपर्यंत साळू रडत उभी होती. मग ती आत गेली, सासूचे डोके मांडीवर घेतले आणि पाणी पाजले. दोन घोट घेऊन म्हातारी गेली, म्हणे.

म्हातारीचे दिवस झाले तसे बाकीच्या बावीस घरांनीही आपापला उंबरा उपटला आणि, ओलांडायला उंबराच न उरल्याने, लोक माळावर पसरले. झरा काही आटला नाही.

आजही या गावात नवी सून दाराशी आली, की माप लवंडण्याआधी सासूला पाणी पाजते. सासू ते उंबऱ्याच्या जागी मातीत बसून पिते, आणि उठून तिला वाट करून देते.