त्र्यंबकशेठ आणि घडीचा फोन

एका पेठेच्या गावात त्र्यंबकशेठ नावाचे पैठणीचे एक व्यापारी राहत होते. माणूस सचोटीचा, पण स्वभाव भारी धास्तीचा. कुलूप लावून घरी निघाले की अर्ध्या वाटेवरून परत येत आणि ते ओढून बघत. साडी विकली तरी मनात येई, रंग त्या बाईंना शोभेल ना? आपण उगीच तर गळ्यात मारली नाही ना?

त्यांची सून मृदुला हुशार होती. तिने दुकानाच्या अर्ध्या भागात मोबाइल विकायला सुरुवात केली. एकीकडे पैठण्या, दुसरीकडे फोन. नव्या धंद्याला जेमतेम तीन महिने झाले होते आणि गाव अजून तिची परीक्षा पाहत होते.

अशात एक दिवस तिच्याकडे घडीचा फोन आला. वहीसारखा उघडायचा, वहीसारखा मिटायचा. द्राक्षबागायतदार रंगनाथराव गायखे यांची साठीशांत होती आणि मुलांनी त्यांच्यासाठी तो मागवला होता.

गावभर एकच विषय झाला.

"काचेला कुणी घडी घालतं का? वर्षात दुभंगणार बघा," सलूनवाला म्हणाला.

"श्रीमंतांचे चाळे," दूधवाला म्हणाला.

एवढे बोलून दोघेही फोन बघायला दुकानात आले आणि दोघांनीही विचारले, "एकदा उघडून बघू का?"

मृदुलाने कुणालाच हात लावू दिला नाही. साठीशांतीच्या सकाळी तिने तो सुरू करून गल्ल्याजवळ ठेवला. नव्या फोनला हळदकुंकू लावून, हार घालून मगच तो गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा, अशी तिची पद्धत होती. हार आणायला ती चौकात गेली. दुकानात त्र्यंबकशेठ एकटेच उरले.

शेठनी फोनकडे पाहिले आणि त्यांना नवीच काळजी लागली. पैठणी एकाच घडीत फार दिवस राहिली, की घडीवरच विरते. म्हणून चांगला व्यापारी अधूनमधून घडी मोडतो आणि उलटी घालतो. चाळीस वर्षे ते हेच करत आले होते. हा बिचारा फोन कारखान्यातून निघाल्यापासून एकाच घडीत असणार! सुनेला हे कोण सांगणार? तिने कुठे पैठण्या विकल्या आहेत?

त्यांनी हात धोतराला पुसले, फोन उघडला आणि तो हळूच उलट्या बाजूने मिटायला घेतला. फोन जरा अडला. नवे कापडही असेच अडते, असे म्हणून शेठनी अंगठ्याने थोडा जोर दिला.

कट्!

शेठनी घाबरून फोन पुन्हा सरळ केला. पडद्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत काळी रेघ उमटली होती. त्यांनी ती उपरण्याने पुसून पाहिली. रेघ कुठली जाते! त्यांनी फोन मिटून जागेवर ठेवला. मिटल्यावर तो अगदी नवा कोरा दिसत होता.

तेवढ्यात मृदुला हार घेऊन आली आणि पाठोपाठ रंगनाथराव आले. नवे धोतर, कोशापगडी, बरोबर पत्नी कालिंदीबाई आणि पाच-सहा पाहुणे. मृदुलाने मिटलेल्या फोनला हार घातला, कुंकू लावले.

"आता हा उघडायचा तो मंडपातच, सगळ्यांसमोर!" रंगनाथराव म्हणाले. मग शेठकडे वळून हसले. "शेठ, चेहरा का पडलाय? लोक म्हणतात, हे फोन टिकत नाहीत. नाही टिकला तर नाही टिकला. उद्या मोडला तरी कंपनीच्या नावाने बोंब मारू, तुमच्या नाही!"

शेठच्या कपाळावर घाम आला. सुटकेचे दार गिऱ्हाइकानेच सताड उघडून दिले होते. गप्प बसले की झाले. फोन मंडपात उघडेल, रेघ दिसेल, कंपनीला चार शिव्या बसतील. खरे बोलावे, तर सुनेचे दुकान आजच बसेल. म्हणतील, सासराच फोन मोडतो, तिथे कोण जाणार? आणि आपली चाळीस वर्षांची अब्रू? त्यांचे मन एकदा इकडे, एकदा तिकडे झाले.

रंगनाथरावांनी फोन उचलला आणि ते पायरी उतरू लागले.

"थांबा!" शेठ ओरडले. आपला आवाज एवढा मोठा निघेल, असे त्यांना स्वतःलाही वाटले नव्हते. "रंगनाथराव, तो फोन उद्या मोडायचा नाही. तो आज मोडलाय. मी मोडलाय."

मृदुलाने धावत येऊन फोन उघडला. काळी रेघ सगळ्यांनी पाहिली.

"मामंजी, झालं तरी काय?" तिने विचारले.

"घडी बदलायला गेलो गं. म्हटलं, एकाच घडीवर विरेल..." शेठची मान खाली गेली. "कंपनीचा दोष नाही, सूनबाईचा नाही. भरपाई माझी. नवा फोन येईल, पण आजचा तुमचा मान हुकला, त्याला माझ्याकडे उपाय नाही."

रंगनाथरावांनी एकदा फोनकडे, एकदा शेठकडे पाहिले. मग त्यांच्या पोटातून हसू उसळले. "पैठणी समजून? फोनची घडी मोडलीत?" हसता हसता त्यांची पगडी कानावर आली. पाहुणेही हसायला लागले.

कालिंदीबाई मात्र पुढे आल्या. "हसताय काय? माझी लग्नातली पैठणी नेसून उभी आहे मी. दर दसऱ्याला घडी मोडा, असं शेठनीच सांगितलं होतं, म्हणून आज एक धागा विरलेला नाही. ज्या मायेने ती जपायला शिकवली, त्याच मायेने हा मोडला. आणि मोडला, तर तसं सांगितलंही!"

"अगं, म्हणून तर हसतोय," रंगनाथराव डोळे पुसत म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा असा दुकानदार बघितला, की मी कंपनीला शिव्या द्यायला तयार आणि हा म्हणतो, मलाच द्या!"

मृदुलाने पटकन कपाटातून झाकणाचा एक छोटा साधा फोन काढला आणि त्यात रंगनाथरावांचे सिमकार्ड घातले. "काका, नवा येईपर्यंत हा वापरा. झाकण उघडलं की बोलायचं, मिटलं की बोलणं संपलं."

मंडपात ऐन सत्काराच्या वेळी तो वाजला. रंगनाथरावांनी झाकण उडवले, "साठीत आहे, नंतर बोलतो," म्हणाले आणि टपकन मिटले. त्या ऐटीवर मंडपाने टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी घडीच्या फोनची सगळी गोष्ट माइकवरून सांगितली आणि शेठना बोलावून त्यांच्या गळ्यात आपला हार घातला.

आठवड्याने नवा फोन आला. रंगनाथरावांनी तो दुकानात दहादा उघडला, दहादा मिटला. झाकणाचा फोनही परत दिला नाही, विकतच घेतला. शेठ तेवढा वेळ दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते.

त्यानंतर फोन घ्यायला येणारा आधी पैठणीच्या गादीकडे वळे आणि विचारी, "शेठ, यात खोट काय आहे?" शेठ माहीत असलेली खोट सांगत आणि नसलेल्याबद्दल काळजी करत. कुणी घडीचा घेई, कुणी झाकणाचा. मोकळ्या हाताने गेलेला माणूसही पुढच्या वेळी तिथेच येई.

तात्पर्य: आपली चूक दुसऱ्याच्या नावावर सहज खपत असतानाही जो ती आपली म्हणून सांगतो, त्याच्या शब्दावर लोक डोळे मिटून विसंबतात.