विसाव्याचा झोपाळा

एका राज्यात पृथुसेन नावाचा राजा होता. त्याचं डोकं असं तल्लख, की शेजारचे राजे युद्धाआधी आपल्या प्रधानाला त्याच्याशी बुद्धिबळ खेळायला धाडीत आणि हरलेल्या डावावरूनच तह करून मोकळे होत. पण वय कोणाला चुकलं आहे? राजाचे केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, आणि त्याची एकुलती लेक चारुमती गादीवर बसली. लेकीचा बापावर फार जीव. तातांनी जन्मभर कष्ट उपसले, आता त्यांना इकडची काडी तिकडे करू द्यायची नाही, असं तिने ठरवलं.

त्याच सुमारास कालजंघ नावाचा मांत्रिक चांदीचा झोपाळा घेऊन दरबारात आला. म्हणाला, "महाराणी, यावर बसणाऱ्याला चिंता म्हणून उरत नाही."

"मोल काय घ्याल?"

"ज्याचा वापर थांबेल, तेवढंच नेईन."

अडगळच ना, नेईना का, असं चारुमतीला वाटलं. माया आंधळी असते म्हणतात. हिची तर चांगली डोळस होती, तरी फसली.

राजा झोपाळ्यावर बसला. न्याय लेक करी, पागोटं सेवक बांधी, घास दासी भरवी. राजाला कोणी काही विचारीना. आणि रोज सांजेला झोपाळ्याची कडी आपोआप किणकिणे, की राजाच्या डोक्यातलं काहीतरी निघून जाई. आधी बुद्धिबळाचे डाव गेले, मग गावांची नावं, मग माणसांची. एके दिवशी त्याने आपल्याच राणीला, मंदारवतीला विचारलं, "बाई, आपण कोण?" राणीने त्याच्या अंगावरची शाल सारखी केली आणि त्याच हिवाळ्यात ती खंगून वारली.

त्या राज्याची रीत अशी, की मागे राहिलेल्या जोडीदाराने नदीत उभं राहून गेलेल्याचं नाव घ्यावं, तेव्हाच त्या जीवाची वाट मोकळी होई. नाव स्वतःच आठवावं लागे, दुसऱ्याने सांगितलेलं चालत नसे. राजाला तर ते आठवेना. मंदारवती महालाच्या उंबऱ्याशीच अडकली. चारुमती तिथून जाई तेव्हा तिला आईच्या लुगड्याची सळसळ ऐकू येई, दिसे मात्र काही नाही. त्या आवाजाने तिचं काळीज तुटे.

अखेर ती राजबागेतल्या म्हाताऱ्या मैनेकडे गेली. म्हणाली, "उपाय सांग. म्हणशील तर आगीत उडी घेईन."

"कामं तीन आहेत, पण तुझी नव्हेत," मैना म्हणाली. "तातांनी आपल्या हाताने पागोटं बांधावं. आपल्या मुखाने एक तंटा सोडवावा. आणि जन्मात कधी न केलेलं काही शिकावं. तू नुसती उभी राहा. तुझी मदत झाली, की त्यांची एक गोष्ट कायमची जाईल."

नुसतं उभं राहायचं, यात काय अवघड, असं चारुमतीला वाटलं.

राजा पागोटं बांधू लागला. वेढे सुटत, कापड गळ्यात पडे, राजा लहान मुलासारखा रडे. सेवकांनी माना फिरवल्या. शेवटी सगळं जमलं, फक्त टोक खोचायचं राहिलं आणि ते काही केल्या सापडेना. चारुमतीला बघवलं नाही. तिने हात पुढे करून टोक खोचलं.

कडी किणकिणली. राजाने वळून पाहिलं. "छान खोचलंस. तू कोणाची गं पोरी?"

चारुमती भिंतीला टेकली. झाडावरून मैना एवढंच म्हणाली, "पुन्हा."

दुसऱ्या दिवशी चारुमतीने आपले हात पदरात गुंडाळून घेतले. पागोटं वाकडं झालं, पण ते राजाने बांधलं होतं.

मग तंटा आला. फणसाचं झाड एकाच्या परसात, फांद्या दुसऱ्याच्या अंगणात, तर फणस कोणाचे? दोघे हमरीतुमरीवर आले होते. राजा सकाळपासून गप्प बसला. दरबार चुळबुळू लागला. निवाडा चारुमतीच्या जिभेवर आला होता, तिने ओठ चावून धरला. उन्हं कलली तेव्हा राजाने विचारलं, "झाडाला पाणी कोण घालतं?" दोघांनी खाली पाहिलं. पाणी एक शेजारीण म्हातारी घालीत होती. "मग फणस तिचे," राजा म्हणाला.

तिसरं काम गजरा करण्याचं. तलवार धरलेली बोटं ती, त्यांना मोगऱ्याचा देठ कुठून कळणार? माळीण शिकवी, "महाराज, दोऱ्याचा फास आधी, मग कळी." कळ्या तुटत. राजा चिडून दोरा फेकी, थोड्या वेळाने आपणच उचलून आणी. होता होता वीतभर गजरा झाला. राजाने तो हुंगला आणि हसून म्हणाला, "मंदारवतीला फार आवडेल."

झोपाळा कडाकडा तुटून पडला.

"कुठे आहे ती?" राजाने विचारलं.

"आईसाहेब हिवाळ्यात गेल्या," चारुमती म्हणाली.

"आणि मी कुठे होतो?"

"इथेच, झोपाळ्यावर. मीच बसवलं होतं."

राजा जमिनीवर बसला आणि ढसाढसा रडला. हिवाळ्यातलं ते रडणं होतं, ते आता त्याच्या वाट्याला आलं. मग तो आपल्या पायांनी नदीवर गेला, कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला आणि त्याने राणीचं नाव घेतलं. उंबऱ्याशी घुटमळणारी सळसळ पाण्यावरून पैलतीरी गेली. तिकडे रानात कालजंघाची झोळी उसवली, आणि डाव, गावं, माणसं, सगळं राजाला परत मिळालं. म्हाताऱ्या हातातलं काम कोणी हिसकावू नये, अशी दवंडी राज्यात पिटली गेली. लेकीची ओळख तेवढी परत आली नाही.

"पोरी, तुझं नाव काय?" राजाने काठावर विचारलं.

"चारुमती. मी तुमची लेक."

राजाने नवा धडा ऐकावा तसं ते मन लावून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात तो तिच्यापुढे उभा राहिला आणि अडला. नाव सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी ते उच्चारलं नाही. चारुमतीचे डोळे भरून आले, तरी ती गप्प राहिली.

"चारुमती," राजा सावकाश म्हणाला. "माझी लेक. बरोबर?"

"बरोबर, तात."

रात्री ते नाव पुन्हा पुसलं जाई. राजा जगला तोवर रोज सकाळी ते नव्याने शोधून काढी, आणि त्याला सापडेपर्यंत चारुमती त्याच्यापुढे उभी राही.