पिंजऱ्यातल्या तितराची हाक

फार जुनी गोष्ट, माळावरचं कुसळी गवत माणसाच्या कमरेला लागायचं तेव्हाची. एका सकाळी गवतातून हाक आली, तशी तितरी पुढे झाली. बघते तर काय, पिंजऱ्यात एक देखणा तितर बसलेला.

"माझं कुणी नाही गं," तो म्हणाला. "तुझा आवाज ऐकला आणि जगावंसं वाटलं."

तितरी रोज येऊन लांबूनच त्याच्याशी बोलू लागली. थोरली बहीण म्हणाली, "अगं, तो शिकाऱ्याचा पाळलेला. रोज त्याच्या हातून वाळवी खातो, त्याला कसलं आलंय दुःख?"

तितरीनं हे त्याला सांगितलं, तर त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "तिला आपलं सुख बघवत नाही. तीच हवी असेल तर जा बाई."

तितरीनं बहिणीशी बोलणं टाकलं.

मग एक दिवस तो म्हणाला, "आज अगदी जवळ ये." ती पिंजऱ्याच्या दाराशी गेली आणि घोड्याच्या केसांचा फास तिच्या पायात आवळला. शिकारी धावत आला. तितरी ओरडली, "अरे, तू माझ्यासाठी रडला होतास ना!"

तितर वाळवी टिपत होता. "मला रडता छान येतं," तो म्हणाला. आवाजात रागसुद्धा नव्हता.

पाय बांधून शिकाऱ्यानं तिला झोळीत टाकलं. पुढच्या माळावर त्यानं पिंजरा ठेवला आणि हाक उठली, "माझं कुणी नाही गं..."

तितरीला आता सगळं कळत होतं. तरी तिचे बांधलेले पाय त्या हाकेकडे सरकले.